दुसऱ्याचा रंग

गाडीला काय झालं हे सांगायला मराठीत शब्द पुष्कळ आहेत. पोचा येतो, टवका उडतो, ओरखडा उठतो, चरा पडतो. या चारही प्रकारांत गाडीचं काहीतरी बिघडलेलं किंवा गेलेलं असतं. पाचवा एक प्रकार आहे, त्यात गाडीचं काही जात नाही, उलट थोडंसं जास्तीचं येऊन बसतं. भिंत, खांब, दुसरी गाडी, टायर, प्लास्टिकचा शंकू, जे काही घासून गेलं असेल त्याचा रंग आपल्या रंगावर उरतो. याला मला मराठीत वेगळा शब्द सापडलेला नाही. आपण ‘घासलीय’ म्हणतो आणि वेळ मारून नेतो. भाषांतर करणाऱ्या माणसाला असा शब्द न सापडणं सवयीचं असतं, पण या वेळी त्या न सापडलेल्या शब्दानं मला महिनाभर झोपू दिलेलं नाही.

आमच्या इमारतीत खालच्या मजल्यावर विट्याकडचं एक कुटुंब राहतं. गलाईवाले. सोनं-चांदी गाळून शुद्ध करायचा धंदा घेऊन सांगली जिल्ह्याच्या दुष्काळी भागातली, खानापूर-आटपाडीकडची माणसं देशभर पांगली, त्यांतली काही कोलकात्यात बडाबाजार आणि बहूबाजाराच्या गल्ल्यांत स्थिरावली. या घरातला वीस वर्षांचा मुलगा मला मावशी म्हणतो. त्याच्या आईची आणि माझी ओळख हाजरा रोडवरच्या महाराष्ट्र निवासातली. एप्रिलमधल्या एका रविवारी दुपारी हा मुलगा दारात उभा राहिला आणि म्हणाला, “मावशी, पॉलिश करणारं कुणी ओळखीचं आहे का? बाबा बुधवारी येतायत.” बाबा जत्रेसाठी गावी गेले होते. गाडी बाबांची.

तो पहाटे गाडी घेऊन शर्यतीला गेला होता. शर्यत म्हटल्यावर डोळ्यांपुढे येतं तसलं काही नाही. राजारहाटच्या पलीकडे एका मोकळ्या मैदानात केशरी शंकू मांडतात, एका वेळी एकच गाडी सोडतात आणि घड्याळ लावतात. भिडायचं ते घड्याळाशी. शंकू पडला की काही सेकंद दंड. आपल्याकडे हौशी शर्यतींची सुरुवातही अशीच उसन्या जागांवर झाली. जुहू, शोलावरम, बराकपूर, सगळ्या विमानांच्या धावपट्ट्या. विमानं नसतील तेव्हा मोटारी. (कोलकात्यानं एकदा उलटंही केलं आहे. दुसऱ्या महायुद्धात रेड रोडचीच धावपट्टी केली होती.) मुलानं हेल्मेट घातलं, ‘जे होईल ते माझ्या जबाबदारीवर’ अशा अर्थाच्या कागदावर सही केली, दोन फेऱ्या मारल्या, पाच शंकू पाडले आणि शेवटून तिसरा आला. मी खाली जाऊन पाहिलं. पांढऱ्या गाडीच्या नाकावर केशरी फराटे, चाकांच्या वरच्या कमानीवर रबराचे काळे वळ, आणि डाव्या बाजूला मागच्या दारापासून मागच्या चाकापर्यंत दीड वीत लांबीचा निळा पट्टा.

त्यानं सगळे घरगुती उपाय करून झाले होते. टूथपेस्ट आणि ओलं फडकं, कारण पेस्टमध्ये बारीक घासणारी पूड असते. रबरावर रॉकेल. केशरी जवळजवळ गेला होता, काळाही फिका पडला होता. “हा एक चिवट आहे,” तो निळ्याबद्दल म्हणाला. “हाही शंकूचाच?” मी विचारलं. “हो. तिकडं दोन रंगांचे होते.” मी मान डोलावली. इथे एक कबुली देऊन ठेवते. मला ते तेव्हाच पटलं नव्हतं, आणि तरीही मी पुढे काही विचारलं नाही. मुलगा लाडका होता, दुपार उन्हाची होती, आणि न विचारणं हे खोटं बोलण्यापेक्षा किती सोपं असतं हे मला चांगलं माहीत आहे. एक गोष्ट मात्र लक्षात राहिली. केशरी फराट्यांचे फोटो त्यानं मैदानावरूनच मित्रांना पाठवले होते, मेडल मिळाल्यासारखे. मला दाखवलेही. त्यांत निळ्याचा एकही नव्हता.

सोमवारी आम्ही मल्लिकबाजारला गेलो. पार्क स्ट्रीट जिथे आचार्य जगदीशचंद्र बोस रोडला मिळतो तिथला हा बाजार जुन्या गाड्यांच्या सुट्या भागांसाठी प्रसिद्ध आहे. चोरीची गाडी इथे एका दरवाज्यातून आत गेली की शंभर दरवाज्यांतून बाहेर येते, असा विनोद शहरात चालतो. माझ्या माहितीचे मिस्त्री इथे मागच्या गल्लीत रंगकाम करतात. साठीचे आहेत, कमी बोलतात. त्यांनी आधी गाडीकडे पाहिलंच नाही. डोळे मिटल्यासारखे करून अंगठ्याचं नख निळ्या पट्ट्यावरून आडवं फिरवलं, वरून खाली, मग पुढून मागे. दोन ठिकाणी नख सरळ घसरलं, तिसऱ्या ठिकाणी अडलं.

मग त्यांनी जे समजावलं ते मी माझ्या शब्दांत सांगते. गाडीचा रंग म्हणजे एक थर नसतो. पत्र्यावर प्रायमर, त्यावर रंग, त्यावर पारदर्शक वार्निशासारखा एक थर. सगळं मिळून एक-दोन केसांच्या जाडीएवढं, आणि त्यात वरचा पारदर्शक थर साधारण चाळीस-पन्नास मायक्रॉन, म्हणजे एका केसाहूनही कमी. जिथे नख घसरतं तिथे आपलं काही गेलेलं नाही, दुसऱ्याचा रंग वर चिकटलाय. तो सोलून काढता येतो. जिथे नख अडतं तिथे आपलं गेलंय. आणि मग त्यांनी जे सांगितलं ते मला आजवर माहीत नव्हतं, बहुतेक गाडीवाल्यांना नसावं. पॉलिश करून चरा भरत नाहीत. भरायला तिथे काही नसतंच. आधी दोन हजार नंबरचा पाण्याचा कागद, मग रबिंगचं मलम आणि फिरतं चाक लावून चऱ्याच्या आजूबाजूचं सगळं चऱ्याच्या तळापर्यंत खाली आणतात. चरा नाहीसा झाला असं आपल्याला दिसतं, प्रत्यक्षात सगळी गाडी तेवढी पातळ झालेली असते. “दर वेळी थोडी साय जाते,” मिस्त्री म्हणाले. “तीन-चारदा चालतं. मग ऊन सरळ आत.”

नैतिक प्रश्नांवर लिहिणारे लोक डागाला नेहमी वर चढलेली गोष्ट समजतात: मूळचं स्वच्छ होतं, त्यावर घाण बसली, पुसा. मिस्त्रींच्या हिशेबात दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि त्या दिसतात सारख्याच. एकीत पुसणं म्हणजे दुसऱ्याचं परत काढणं. दुसरीत पुसणं म्हणजे चूक उठून दिसू नये म्हणून बाकीचं सगळंच तिच्या पातळीला आणणं. ही दुसरी तऱ्हा आपण माणसांच्या बाबतीत रोज वापरतो. ‘सगळेच असं करतात’ हे वाक्य म्हणजे पाण्याचा कागदच.

मिस्त्रींनी नखाच्या टोकावर आलेला निळा कण उन्हात धरला. “हा शंकूचा नाही,” ते म्हणाले. “प्लास्टिक असं कडक बसत नाही. हा तेलाचा रंग आहे, ब्रशनं मारलेला. आणि ही उंची बघा. व्हॅन आहे ही.”

बंगालबाहेरच्या वाचकांसाठी सांगायला हवं की इथे ‘व्हॅन’ म्हणजे मोटार नव्हे. मागे फळ्यांचा सपाट ओटा, पुढे सायकल, तीन चाकं, पायांनी चालवायची. माणसं, भाजी, विटा, मासळी, सगळं तिच्यावरून जातं. इंजिन बसवलं की ती ‘व्हॅनो’ होते. फळीची कड जिथे येते ती उंची आणि आमच्या गाडीवरचा पट्टा, दोन्ही बरोबर जुळत होतं. फळीच्या टोकाचा बोल्ट जिथे लागला असणार तिथे नख अडत होतं.

मुलगा रस्त्याकडे बघत होता. मिस्त्रींनी मला विचारलं, “काढू?” थिनरचा बोळा हातात तयार होता. मी म्हटलं, “आज नको.”

परतताना त्यानं सांगितलं. शर्यत संपली होती, तो घरी येत होता, भेड्यांच्या, म्हणजे मासळीच्या मोठ्या तळ्यांच्या मधल्या बांधावरून. रस्ता अरुंद. पुढे एक व्हॅन, तिच्यावर ॲल्युमिनियमच्या हंड्या. त्यानं हॉर्न दिला, व्हॅन बाजूला होत होती, त्याला वाटलं जागा आहे. आवाज झाला. आरशात दिसलं की व्हॅन कलंडलीय आणि माणूस जमिनीवर बसलाय. “बसलाय” हा शब्द त्यानं दोनदा वापरला. “मग तो उठला, मावशी. मी बघितलं. उठला म्हणून मी गेलो.”

“थांबला का नाहीस?”

“लोकांनी मारलं असतं.”

हे खोटं नव्हतं. अशा वेळी जमाव काय करतो ते या शहरात सगळ्यांना माहीत आहे. नंतर मी कायदा काढून पाहिला तर तोही हे मान्य करतो. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचं १३४ वं कलम चालकावर बंधन घालतं की कुणी जखमी झालं तर त्याच्या उपचारांची सोय करायची आणि चोवीस तासांच्या आत पोलिसांना कळवायचं, पण पहिल्या बंधनाला सूट आहे, जमावाच्या रोषामुळे ते शक्य नसेल तर. संसदेनं भीतीला एवढी जागा करून दिली आहे. पण ती जागा थांबण्याच्या क्षणापुरती आहे. घरी येऊन टूथपेस्ट लावत बसण्याच्या तीन तासांसाठी नाही.

मी त्याला सर्वांत जास्त रागावले ते मात्र दुसऱ्याच गोष्टीवरून, आणि ते त्याला आधी कळलंच नाही. तो म्हणाला, “शर्यतीत असं होतंच.” मैदानावर सही केली होती ती त्यानं. शंकूंनी नव्हती केली, पण शंकूंना हात नसतात. हौशी शर्यतीचं सगळं सौंदर्य त्या सहीत आहे असं मला वाटतं, मोठी माणसं आपखुषीनं जोखीम घेतात, एकमेकांना आधीच माफ करून ठेवतात, आणि तिथे पडलेल्या खुणा मिरवायच्याच असतात. व्हॅनवाल्यानं कशावर सही केली होती? सार्वजनिक रस्त्यावर सरकारच्या परवानगीशिवाय शर्यत लावणं हा गुन्हा त्याच कायद्याच्या १८९ व्या कलमात वेगळा सांगितलाय. मुलगा म्हणतो की तो तेव्हा शर्यत लावत नव्हता, आणि ते खरं आहे. बांधावर घड्याळ कुणी लावलं नव्हतं, पण त्याचे हातपाय अजून मैदानावरच होते. केशरी आणि निळा या दोन खुणा एकाच सकाळी, एकाच हातानं पडल्या, आणि तरी एक त्याची होती आणि एक त्याची नव्हती.

दुसरी त्याची नव्हती हे अगदी शब्दशः. आमच्या गाडीवर जेवढा निळा आला तेवढा व्हॅनच्या फळीवरून गेला. आमच्याकडचा डाग आणि त्याच्याकडचा टवका मिळून एक खूण पुरी होते. एडमंड लोकार नावाच्या फ्रेंच गृहस्थानं १९१० साली लियों शहरात पोलिसांसाठी प्रयोगशाळा काढली आणि पुढे आयुष्यभर एकच गोष्ट सांगितली, की दोन वस्तू एकमेकींना भिडल्या की प्रत्येक जण दुसरीचं काहीतरी घेऊन जाते. ठोकर देऊन पळालेल्या गाड्या आजही रंगाच्या अशा कणांवरून ओळखतात. म्हणजे आम्ही ज्याला ‘चिवट डाग’ म्हणत होतो ती त्या माणसाची साक्ष होती. तीही एकुलती एक, कारण बांधावर कॅमेरे नव्हते आणि नंबर वाचण्याइतका वेळ त्याला मिळाला नव्हता. गुन्ह्याचा पुरावा नाहीसा करणं हा भारतीय न्याय संहितेच्या २३८ व्या कलमाखाली स्वतंत्र गुन्हा आहे. थिनरचा बोळा, पाच मिनिटं, तीनशे रुपये.

पण मग खूण लपवणं वाईटच का? असं सरळ म्हणावं तर याच शहरात एक गाडी आड येते. एल्गिन रोडवर नेताजी भवनात काचेमागे ती उभी आहे, १९३७ ची वाँडरर. १६ जानेवारी १९४१ च्या रात्री, म्हणजे १७ ची पहाट उजाडायच्या बरीच आधी, सुभाषबाबू वेषांतर करून याच गाडीत मागे बसले आणि पुतण्या शिशिर बोस यांनी ती गोमोच्या दिशेनं हाकली. घराभोवती पोलिसांचा पहारा होता. शिशिरबाबू तेव्हा वीस वर्षांचे. काकांना गोमोला गाडीत बसवून ते कोलकात्याला परतले आणि काही घडलंच नाही अशा चेहऱ्यानं वावरले. बातमी फुटली ती २६ जानेवारीला. मधल्या दिवसांत त्या गाडीवर रस्त्याची एखादी खूण असलीच तर ती पुसणं हे देशकार्य होतं. वीस वर्षांचा मुलगा, घरची गाडी, घाईत केलेला प्रवास, लपवलेला माग. मी ही तुलना मनात केली तेव्हा मला स्वतःचीच लाज वाटली, पण तुलना टाकूनही देता येईना. फरक कुठे आहे? त्या खुणा सत्तेपासून लपवलेल्या होत्या, ज्याचं काही घेतलं अशा माणसापासून नव्हे. आम्हाला ज्याच्यापासून लपवायचं होतं तो सांगायला म्हणून बाबा होते. प्रत्यक्षात होता तो बांधावर बसलेला माणूस.

त्या वाँडररची २०१६-१७ मध्ये दुरुस्ती झाली, जानेवारी २०१७ मध्ये राष्ट्रपती प्रणव मुखर्जींच्या हस्ते अनावरण झालं. आता ती झळाळते. मी पाहायला गेले तेव्हा थोडी खट्टू झाले, हे सांगितल्यावर मिस्त्री हसले. त्यांचं म्हणणं, खुणा ठेवा म्हणणं हा गाडी नसलेल्यांचा शौक आहे. असेल.

बंगालीत ‘दाग’ म्हणजे डाग, पण रेघही. मनावर ‘दाग’ पडतो तो चांगला अर्थानंही. आणि जमिनीच्या कागदांत ‘दाग नंबर’ असतो, म्हणजे तुकड्याचा क्रमांक, जमीन कुणाची ते सांगणारा. मराठीत तर ‘डाग’ म्हणजे दागिनाही: अडचणीत बायका एखादा डाग मोडतात. गलाईवाल्यांच्या घरात हा शब्द दिवसातून दहा वेळा येतो आणि कुणी दचकत नाही. त्यांच्या धंद्यातली सर्वांत जुनी वस्तू कसोटी, तीही एका घासण्यावरच चालते. काळ्या दगडावर सोनं ओढायचं, उमटलेल्या रेघेला तेजाब लावायचं आणि रेघ किती टिकते ते बघायचं. मुलाच्या वडिलांनी एकदा मला ती दाखवली होती. दगड पुसायच्या आधी वाचायचा असतो, एवढंच त्या वेळी त्यांनी सांगितलं होतं, सहज, धंद्यातली गोष्ट म्हणून.

मी मराठी बाई कोलकात्यात राहते, म्हणून आणखी एका खुणेबद्दल बोलल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. मल्लिकबाजार ज्या रस्त्यावर आहे त्याचं जुनं नाव लोअर सर्क्युलर रोड. १७४२ मध्ये नागपूरकर रघूजी भोसल्यांची फौज बंगालवर चालून आली तेव्हा घाबरलेल्या शहरानं स्वतःभोवती खंदक खणायला घेतला. तो अपुराच राहिला, मराठे काही शहरापर्यंत आले नाहीत, आणि अठराव्या शतकाच्या अखेरीस तो बुजवून सर्क्युलर रोड काढण्यात आला. बागबाजारात ‘मराठा डिच लेन’ अजून आहे. शहर वाचलं, खेडी वाचली नाहीत. लूट दहा वर्षं चालली. १७५१ च्या तहात बारा लाखांची चौथ ठरली आणि ओडिशा हाती आला, आणि आमच्या इतिहासात ही मोहीम याच दोन ओळींत संपते. बंगालीत ती अजून अंगाईत आहे, ‘बर्गी’ येईल म्हणून इथली मुलं झोपतात. बर्गी म्हणजे आपला बारगीर. ज्याचा घोडा स्वतःचा तो शिलेदार, दुसऱ्याच्या घोड्यावर बसलेला तो बारगीर. हा शब्द पहिल्यांदा एका बंगाली मजकुरात भेटला तेव्हा मी तो मराठीत काय करावा यावर दोन दिवस घालवले. ‘मराठे स्वार’ लिहिलं की वाक्य गुळगुळीत होतं आणि मराठी वाचकाच्या नखाला काही अडत नाही. शेवटी ‘बर्गी’च ठेवला. संपादकांनी समासात लिहिलं, ‘बंगाली वळण, काढावे.’ मी काढलं नाही, पण का ते त्या वेळी नीट सांगता आलं नव्हतं. आम्ही आमची बाजू पॉलिश करून ठेवली म्हणून त्यांच्या फळीवरचा टवका भरून येत नाही.

मंगळवारी सकाळी आम्ही दोघं त्या बांधावर गेलो. गाडी घेऊनच, पट्ट्यासकट. चहाच्या टपरीपाशी चार व्हॅन उभ्या होत्या आणि चारही त्याच निळ्या. बाजारातला एकच रंगारी सगळ्यांना रंग देतो, असं कळलं. मनात पुरतं जुळवून आणलेलं सगळं विस्कटलं. साक्ष म्हणून मी ज्या रंगावर एवढा विचार केला होता तो सगळ्यांचाच होता. टपरीवाल्यानं मग मुलाकडे, गाडीकडे आणि माझ्याकडे पाहून, काही न विचारता, एका पोराला पाठवलं.

माणूस पन्नाशीचा होता. डाव्या मनगटाला पट्टी. आम्ही विमा कंपनीचे असू असं त्याला आधी वाटलं. मुलगा बंगालीत बोलला, त्याची बंगाली माझ्याहून चांगली आहे, तो इथेच जन्मला आहे. काय बोलला ते इथे लिहीत नाही. तो माणूस त्याच्याकडे बघत नव्हता. त्यानं आपली व्हॅन ढकलत आणली, गाडीला समांतर लावली आणि फळीची कड पट्ट्याशी जुळते का ते वाकून पाहिलं, सुतारासारखं. जुळली. मग त्यानं हिशेब सांगितला. मनगट मुरगळलंय, डॉक्टर म्हणतात तीन आठवडे हँडल धरायचं नाही. पुढच्या चाकाची रिम वाकली. दोन हंड्या चेपल्या, मासळी त्या दिवशी नव्हती, रिकाम्या होत्या, नाहीतर तीही. रक्कम त्यानं अशी सांगितली की घासाघीस होईल या हिशेबानं थोडी चढवलेली असावी. मुलानं घासाघीस केली नाही. जवळ होते तेवढे दिले, उरलेल्यांचं वचन दिलं आणि फोन नंबर दिला, जो त्यानं लगेच लावून खरा आहे याची खात्री करून घेतली.

मी पोलिसांचं काढलं. चोवीस तास केव्हाच उलटून गेले होते, तरी काढलं. तो म्हणाला, ठाण्याचं नको. तिथे गेलो तर माझी व्हॅन आठवडाभर आत राहील, तुमची गाडी संध्याकाळी सुटेल. यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. मला त्या क्षणी हलकंही वाटलं, आणि ते हलकं वाटणं मला अजून खटकतं. ज्याचं नुकसान झालं त्यानंच नको म्हटलं, म्हणजे आम्ही त्याच्या इच्छेचा मान राखला की त्याच्या नाइलाजाचा फायदा घेतला? त्याला पोलिसांची भीती वाटते त्या व्यवस्थेत माझ्या ओळखीच्या मुलाला ती तेवढी वाटत नाही. पैसे दिले की हा प्रश्न मिटतो असं मला वाटत नाही, आणि तो माणूस नको म्हणत असताना त्याला ठाण्यात ओढून नेल्यानं मिटला असता असंही नाही. मी पट्ट्याचे फोटो काढून ठेवलेत, पट्टी लावून, सहा. मुलाला ते माहीत आहे. एकदा त्यानं विचारलं, “किती दिवस ठेवणार?” मी सांगितलं नाही, कारण मला ठरवता आलेलं नाही.

बुधवारी वडील आले. मुलानं स्वतः सांगितलं, मी वरच्या मजल्यावर थांबले. आवाज आला नाही, तेच जास्त वाईट होतं असं त्याची आई नंतर म्हणाली. त्यांनी उरलेले पैसे काढून दिले, मुलाच्या हातानंच पाठवले, आणि ते तो शिकवण्या करून फेडेल असं वहीत लिहून ठेवलं. गाडीबद्दल एवढंच म्हणाले, “आधी त्याचं चाक बसू दे.”

ते बसल्यावर आम्ही पुन्हा मल्लिकबाजारला गेलो. निळा निघायला खरोखरच पाच मिनिटं लागली. मिस्त्रींनी तो बोळा टाकून दिला, चाक फिरवलं, मेण लावलं, पांढरं पुन्हा पांढरं झालं. बोल्टचा चरा त्यांनी तसाच सोडला. तो रंगाच्या खाली गेलाय, त्याच्यासाठी अख्खं दार पातळ करायचं नाही, असं त्यांचं मत, आणि वडिलांचंही. फक्त टोकाशी पत्रा उघडा पडलाय तिथे थेंबभर रंग टोचून घ्या, ते म्हणाले, नाहीतर पावसात गंज धरेल. पाऊस आता तीन आठवड्यांवर आलाय. अजून कुणी टोचून घेतलेला नाही.